मागच्या फळीची साखळी

इब्रीच्या सनाइयात, चौथ्या गल्लीत,
टायरवाल्याच्या पत्र्याची सावली चार वाजता
आमच्या शटरला टेकते, तेवढ्यात
मुबारक ती गाडी दोरखंडाने ओढत घेऊन आला.
पिकअप. फोर-बाय-फोर. एकोणनव्वदचं मॉडेल.
"वडिलांची आहे. नवी कर."
मी विचारलं, नवी की चालती?
मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाला, "दोन्ही."

एकवीस दिवस गेले.
पाटे उतरवले तर दोन आधीच मोडलेले,
म्हाताऱ्याने तारेने बांधून त्यांच्यावर किती उन्हाळे काढले, देव जाणे.
हबमध्ये ग्रीस कसलं, वाळूची चटणी.
लो गिअरचा दांडा हलवला तर हातातच आला.
शारजाच्या भंगारातून डिफरन्शियल मागवला,
पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्या,
नवे पिस्टन, नवं गॅस्केट, तीन थरांचा रेडिएटर,
आणि एक सायलेन्सर, इतका गुणी
की इंजिन चालू आहे का, हे बॉनेटला हात लावून बघावं लागे.
जरवलीने चॅसीला चार जागी वेल्डिंग मारलं,
पाचव्या जागी थांबला.
म्हणाला, इथे आधी कुणीतरी मारलंय,
माझ्यापेक्षा बरं आहे. राहू दे.

सीटच्या मागे सापडलं ते पिशवीत भरून दिलं :
खजुराच्या बिया, निळी दोरी,
उंटाच्या पिल्लाला दूध पाजायचं बुच.
मुबारकने पिशवी घेतली, उघडली नाही.

मागच्या फळीची साखळी मीच काढली.
कड्या झिजलेल्या, फार वाजायची.
तिच्या जागी रबर लावलेला खटका.
पैसे मोजून मिळाले, वर दहा रियाल बक्षीस.

तिसऱ्या दिवशी दारात उभा.
"उंट येत नाहीत."

सतरा जनावरं. रोज संध्याकाळी म्हातारा चारा घेऊन जायचा
आणि ती टेकाडामागून आपणहून यायची.
आता चाऱ्याकडे बघतात, गाडीकडे बघतात,
जागची हलत नाहीत.

गेलो त्याच्याबरोबर. हॉर्न वाजवला. हाका मारून झाल्या.
दुसऱ्या दिवशी भंगारातला जुना सायलेन्सर शोधून चढवला;
पाच-सहा कान हलले, तेवढंच.
मग माझ्या डोक्यात साखळी आली.
शफीकुल तिने सायकल बांधत होता.
"माझी सायकल चोरीला गेली तर?" म्हणाला.
त्याला बाजारातनं कुलूप आणून दिलं.

रबर खरवडून काढलं. साखळी अडकवली, सैल, होती तशी.
खडीवरून लो गिअरमध्ये, सावकाश :
खण खण खडाक्. खण खण खडाक्.
फाटक्या कानाची एक म्हातारी उंटीण
आधी मान खाली घालून ऐकत राहिली,
मग निघाली. घाई नाही.
तिच्या मागे बाकीची.
मुबारकने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला नाही.
मी आरशाकडे बघितलं नाही.

हर्णैला मी दोन वर्षांनी जातो.
फाटकाची कडी दोनदा वाजवतो, थांबून तिसऱ्यांदा.
आतून कोण म्हणून कुणी विचारत नाही.
या वर्षी मुलाने बेल बसवली,
फोटो पाठवला. सहा प्रकारचे सूर आहेत म्हणे.
मी लिहिलं, छान आहे.
मग बराच वेळ फोन हातात धरून बसलो,
कडी काढू नकोस, हे कसं लिहायचं ते सुचेना.

परतताना अंधार पडला होता.
डॅशबोर्डचा खण सारखा थडथडत होता.
मुबारक म्हणाला, "हाही राहू द्यायचा?"
मी ऐकलं नीट, एक वळण संपेपर्यंत.
नाही, म्हटलं. उद्या आण, स्क्रू आवळतो.
हा नुसताच आवाज आहे.